शालेय व्हॅनच्या चालकांची अमली पदार्थांसाठी तपासणी : पट्टीवर कितपत विसंबावे?

सुदामानगर, इंदूर येथील पालक :
नमस्कार. आमच्या वस्तीतील मुले पाच व्हॅनमधून शाळेत जातात. रंगपंचमीनंतर चौथ्या दिवशी पालक समितीने बाजारातून लघवी तपासण्याच्या पट्ट्या आणून पाचही चालकांची तपासणी केली. एका चालककाकांच्या पट्टीवर गांजाचा अंश दिसला आणि संध्याकाळपर्यंत त्यांचे काम गेले. नऊ वर्षांत त्यांच्या गाडीला साधा ओरखडाही आलेला नाही. राजवाड्यावरची गेर (रंगपंचमीची मिरवणूक) पाहून परतताना परवानाधारक दुकानातील भांग घेतली, हे त्यांनी स्वतःच सांगितले. मुलांच्या सुरक्षिततेबाबत मला कोणतीही तडजोड नको आहे, परंतु आमच्या हातून अन्याय झाला असावा असे सारखे वाटते. शिवाय वस्तीच्या गटाराचे पाणी तपासून नशेचा माग काढावा, असाही एक प्रस्ताव पुढे आला आहे. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

पॅथॉलॉजी प्रयोगशाळेत काम करणारी :
ताई, प्रथम एक विचारते. पट्टी वाचली कोणी? या पट्टीवर रेघ उमटली, मग ती फिकट का असेना, तर पदार्थ ठरावीक मर्यादेखाली असतो. रेघ उमटलीच नाही तर संशय घ्यायचा. गरोदरपणाच्या पट्टीच्या सवयीने अनेक जण नेमके उलटे वाचतात.

वाचन बरोबर होते असे धरले, तरी लघवीत सापडतो तो मुख्यतः गांजातील टीएचसी या नशा आणणाऱ्या द्रव्याचे शरीरात विघटन होऊन उरलेला घटक, आणि त्या घटकाने नशा चढत नाही. एखाद्या वेळच्या सेवनानंतर तो काही दिवस आणि नित्य सेवन करणाऱ्यांत काही आठवडे दिसत राहतो. म्हणजे पट्टी मागच्या दिवसांबद्दल बोलते. आज सकाळी सात वाजता चालकाचे हात स्थिर होते की नाही, हे ती सांगू शकत नाही. भांग आणि गांजा यांतील फरकही तिला कळत नाही, कारण दोन्हींत टीएचसीच असते. कोडीनयुक्त खोकल्याच्या औषधाचे शरीरात काही प्रमाणात मॉर्फिन, म्हणजे अफूतलाच घटक, होते, त्यामुळे आजारी माणूसही अफूच्या चाचणीत अडकतो. म्हणून पट्टीचा निकाल प्राथमिक मानून तोच नमुना प्रयोगशाळेत मास स्पेक्ट्रोमेट्रीने (रेणूंच्या वस्तुमानावरून पदार्थ ओळखण्याच्या पद्धतीने) पडताळावा लागतो आणि चालू औषधांची चिठ्ठी आधी पाहावी लागते. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्याने 2004 मध्ये रस्त्यावर चालकांची सरसकट तपासणी सुरू केली, तेव्हा लघवीऐवजी लाळ निवडली. लाळेतून अलीकडचे सेवन अधिक चांगले कळते. तीही पुढे प्रयोगशाळेत पडताळली जाते.

एक वकील, ग्वाल्हेर :
मोटार वाहन कायद्याच्या कलम 185 मध्ये दारूसाठी 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅम अशी मर्यादा आहे. अमली पदार्थांसाठी तसा आकडा कलमात नाही. वाहनावर योग्य ताबा ठेवण्यास चालक असमर्थ होता का, हा तिथे प्रश्न असतो. पहिल्या गुन्ह्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा 10,000 रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात. इंग्लंडने 2015 पासून रक्तातील टीएचसीसाठी प्रतिलिटर 2 मायक्रोग्रॅम अशी मर्यादा ठरवली, तेव्हा तिथे ताबा सुटल्याचे वेगळे सिद्ध करण्याची गरज उरली नाही. आपल्याकडे रस्त्यावर तपासणीची सक्ती करण्याचा अधिकार पोलिसांना आहे, पालक समितीला नाही. चालकाची लेखी संमती तुम्ही घेतली होती का? एनडीपीएस या अमली पदार्थविषयक कायद्यातील गांजाच्या व्याख्येत फुलोऱ्याविना नुसती पाने येत नाहीत, म्हणूनच मध्य प्रदेशात भांगेची परवानाधारक दुकाने चालतात. अर्थात भांग पिऊन गाडी चालवणे हा वेगळा प्रश्न आहे आणि तिथे परवाना कामाला येत नाही.

देवास नाक्यावरचा ट्रान्सपोर्टवाला :
आमच्या धंद्यात डोडाचुरा, म्हणजे अफूच्या बोंडांचा चुरा, मी लहानपणापासून पाहिला आहे. मंदसौर-नीमचचा अफूच्या शेतीचा पट्टा जवळच आहे. चालक तो मौजेखातर घेत नसे, सलग दोन रात्री गाडी ओढायची म्हणून घेत असे. तुमचे व्हॅनचालक रात्री आणखी काही चालवतात का, हे पट्टी लावण्याआधी विचारा.

निवृत्त जलअभियंता :
सांडपाण्याची पद्धत खरी आहे. इटलीतील संशोधकांनी 2005 मध्ये पो नदीच्या आणि सांडपाण्याच्या पाण्यात कोकेनचा विघटित घटक मोजून सेवनाचा अंदाज बांधला. चोवीस तासांचा एकत्रित नमुना घ्यायचा, घटकाचे प्रमाण प्रवाहाने गुणायचे आणि वसाहतीच्या लोकसंख्येने भागायचे. इंदूरच्या कबीटखेडी येथील सांडपाणी शुद्धीकरण केंद्रावर असे मापन झाले तर शहराला उपयोग होईल, कारण लाखो लोकांच्या पाण्यात कोणा एकाचे नाव नसते. मात्र पन्नास घरांच्या गटारावर तेच केले तर बोट थेट एखाद्या दाराकडे जाईल. माझा त्याला स्पष्ट विरोध आहे. शिवाय रुग्णांना दिलेले मॉर्फिनही त्याच पाण्यात येते आणि परवान्याची भांगही.

सुदामानगर येथील पालक :
सर्वांचे मनापासून आभार. संमती घेतली नव्हती आणि पट्टी केव्हाच फेकून दिली आहे, म्हणजे पडताळणीलाही काही उरलेले नाही. काल काकांच्या घरी जाऊन मी माफी मागितली. रविवारच्या बैठकीत त्यांना परत बोलावण्याचा आणि गटाराचा प्रस्ताव सोडून देण्याचा आग्रह धरणार आहे. यापुढे संशय आला तर त्या दिवशी गाडी दुसऱ्या चालकाकडे द्यावी आणि तपासणी संमतीने प्रयोगशाळेतच व्हावी, हेही मांडेन. ट्रान्सपोर्टवाल्या दादांचा प्रश्न मी काकांना विचारला. रात्री एक वाजेपर्यंत ते रिक्षा चालवतात आणि पहाटे पाचला उठतात. समितीत हे कोणालाच ठाऊक नव्हते. व्हॅनचे मासिक शुल्क किती वाढवले तर त्यांना रात्रीची रिक्षा सोडता येईल, याचा हिशेब आज मांडायला घेतला आहे.