दिवाळीच्या भेटीची वेळ: साडेनऊ, साडेदहा की साडेअकरा तास?

प्रेषक: चिटणीस, मुंबई पालक गट, दादर
विषय: शरदातील कार्यक्रम, कोजागरी व लक्ष्मीपूजन

सप्रेम नमस्कार.

अमेरिकेत, इंडियाना राज्यातील नोटर डेम विद्यापीठात शिकणाऱ्या आपल्या मुलांनी यंदाचे दोन्ही कार्यक्रम ठरवले आहेत. अधिक ज्येष्ठामुळे सगळेच सण लांबले असल्याने गेल्या वर्षीच्या तारखा कोणीही डोक्यात ठेवू नयेत.

कोजागरी रविवार, २५ ऑक्टोबर रोजी आहे. मुले त्यांच्या रात्री ९ वाजता आटवलेले दूध घेऊन हिरवळीवर जमतील; त्या वेळी मुंबईत सोमवारी सकाळचे ६.३० वाजलेले असतील. लक्ष्मीपूजनाची भेट रविवार, ८ नोव्हेंबर रोजी मुंबईच्या सायंकाळी ६.३० वाजता, म्हणजे तिकडच्या सकाळी ९ वाजता होईल. दादरचे नेहमीचे सभागृह ५ ते ८.३० या वेळेसाठी घेतले असून, गेल्या वेळी आवाजाचा जो प्रकार झाला तो पुन्हा होऊ नये म्हणून पडद्याची आणि ध्वनिक्षेपकाची चाचणी ५ वाजताच होईल. फराळाच्या खोक्यांविषयी वेगळे पत्र येईल. कृपया त्याची चर्चा येथे करू नये.

कळावे,
चिटणीस

—

प्रेषक: विलेपार्ले
विषय: पुन्हा: शरदातील कार्यक्रम

चिटणीस दादा, सप्रेम नमस्कार.

कोजागरीची वेळ बरोबर आहे, परंतु लक्ष्मीपूजनाची एका तासाने चुकली आहे. अमेरिकेतील घड्याळे १ नोव्हेंबरच्या पहाटे २ वाजता एक तास मागे घेतली जातील आणि त्या दिवसापासून आपल्यातील व मुलांमधील अंतर साडेनऊ तासांचे न राहता साडेदहा तासांचे होईल. म्हणजे मुंबईत सायंकाळचे ६.३० वाजतील तेव्हा मुलांकडे सकाळचे ९ नव्हे, तर ८ वाजलेले असतील. गेल्या वर्षी दिवाळी ऑक्टोबरमध्येच आटोपली होती, त्यामुळे साडेनऊचा हिशेब चालून गेला. तोच यंदाच्या पत्रात उतरला असावा, असे वाटते.

हे मी पाठ्यपुस्तकातून सांगत नाही. मुलगी तिकडे गेली त्या पहिल्याच नोव्हेंबरमध्ये मी रोजच्या वेळेला फोन करत राहिले, ती वर्गात असल्यामुळे उचलत नव्हती आणि मी चार दिवस काळजीने जेवले नाही. तेव्हापासून स्वयंपाकघरात दोन घड्याळे लावली आहेत. सुधारित पत्र लवकर पाठवावे, ही विनंती.

आपली,
पार्ल्याची ताई

—

प्रेषक: गिरगाव
विषय: पुन्हा: पुन्हा: शरदातील कार्यक्रम

सर्वांस सप्रेम नमस्कार.

ताईंचे पत्र वाचले. त्यांच्या म्हणण्यातील अर्धा भाग मला मान्य नाही. मी १९९१ ते १९९६ अशी पाच वर्षे त्या परिसरात काढली आहेत आणि इंडियानात घड्याळे हलवत नाहीत, हे मी स्वतः अनुभवलेले आहे. शेजारच्या राज्यांमध्ये वर्षातून दोनदा धांदल उडत असे, पण आम्ही बाराही महिने एकाच वेळेवर होतो आणि मुंबईशी आमचे अंतर बाराही महिने साडेदहा तासांचे होते. आई दर रविवारी खाडिलकर मार्गावरच्या फोनच्या बूथवर ठरलेल्या वेळी येत असे आणि पाच वर्षांत ती वेळ एकदाही बदलावी लागली नाही.

तेव्हा लक्ष्मीपूजनाच्या वेळी तिकडे सकाळचे ८ वाजतील, हे ताईंचे उत्तर बरोबर असले तरी कारण चुकीचे आहे. आणि कोजागरीला मुंबईकरांनी ६.३० नव्हे, ७.३० वाजता बसावे लागेल. सुधारित पत्रात दोन्ही दुरुस्त्या व्हाव्यात.

कळावे, लोभ असावा.
गिरगावचे काका

—

प्रेषक: मुलुंड
विषय: पुन्हा: पुन्हा: पुन्हा: शरदातील कार्यक्रम

नमस्कार.

काका, आमची मुलगी शिकागोला असते आणि गेल्या नोव्हेंबरमध्ये आमचे तिच्याशी अंतर साडेअकरा तासांचे होते. शिकागोहून नोटर डेम मोटारीने जेमतेम दीड-दोन तासांवर असताना घड्याळात असा फरक कसा पडतो, ते मला उमगत नाही. ती आणि तिच्या चार मैत्रिणी पूजेसाठी तिकडे जाणार असल्यामुळे नक्की आकडा हवा आहे.

आणखी एक सुचवतो. त्या परिसरात फ्रान्समधील लूर्द या तीर्थस्थानाच्या धर्तीवर बांधलेले, ग्रोटो नावाचे मोमबत्त्यांचे सुंदर ठिकाण आहे, असे मुलीने सांगितले. वसतिगृहाच्या बंद खोलीपेक्षा पूजा तेथेच मांडली तर?

आपला,
मुलुंडकर

—

प्रेषक: वसई
विषय: घड्याळ, शिकागो आणि ग्रोटो

सर्वांना नमस्कार.

तिन्ही आकडे आपापल्या जागी खरे आहेत, म्हणूनच हा गोंधळ वाढतो आहे. काकांची आठवण त्यांच्या काळापुरती अचूक आहे. इंडियानाच्या बहुतेक भागात तेव्हा घड्याळे बदलत नसत. परंतु २००६ च्या एप्रिलपासून संपूर्ण राज्य उन्हाळी वेळ (म्हणजे त्या काळात घड्याळे एक तास पुढे ठेवणे) पाळू लागले. उन्हाळी वेळ संपण्याचा दिवसही पूर्वी ऑक्टोबरचा शेवटचा रविवार होता, तो २००७ पासून नोव्हेंबरचा पहिला रविवार झाला. त्यामुळे यंदा २५ ऑक्टोबरला अंतर साडेनऊ तासांचे आणि ८ नोव्हेंबरला साडेदहा तासांचे आहे. ताईंच्या हिशेबात काहीही चूक नाही.

मुलुंडच्या दादांचे साडेअकरा हे शिकागोचे आहेत. नोटर डेमला लागून असलेले साउथ बेंड ज्या काउंटीत (जिल्ह्यात) येते तिथपर्यंत पूर्वेकडची वेळ चालते आणि तिला लागून पश्चिमेकडे असलेल्या काउंटीत शिकागोची. शिकागोहून साउथ बेंडला येणाऱ्या लोकलगाडीचे वेळापत्रकही शिकागोच्या वेळेनुसारच छापलेले असते, तेव्हा मुलींनी त्याकडे विशेष लक्ष द्यावे. मोटारीने निघाल्या तर साउथ बेंडच्या सकाळी ८ ला पोहोचण्यासाठी त्यांना शिकागोच्या पहाटे ५ वाजता घर सोडावे लागेल.

ग्रोटोविषयी मात्र माझे मत स्पष्टपणे नोंदवते. ते १८९६ पासून प्रार्थनेचे ठिकाण आहे. तेथे कोणीही, कोणत्याही धर्माचा माणूस, मोमबत्ती लावून शांत उभा राहू शकतो आणि आपल्या मुलांनीही अवश्य उभे राहावे. पण पाट मांडून, पडदा लावून आणि मुंबईशी मोठ्याने बोलत तेथे कार्यक्रम करणे योग्य होणार नाही. २ नोव्हेंबरला मृतांच्या स्मरणाचा दिवस असतो आणि आमच्या वसईत तो संपूर्ण महिना दिवंगतांसाठी प्रार्थना करण्याचा मानतात. आमच्या दफनभूमीत ऐन प्रार्थनेच्या वेळी कोणी ध्वनिक्षेपक आणलेला मला आवडणार नाही, म्हणून लिहिले. कोणी मनाला लावून घेऊ नये.

आपली,
वसईची मावशी

—

प्रेषक: खजिनदार, माहीम
विषय: पुन्हा: घड्याळ, शिकागो आणि ग्रोटो

सप्रेम नमस्कार.

वेळ कोणतीही ठरली तरी सभागृहाची अनामत रक्कम भरून झाली आहे, याचे स्मरण देणे माझे काम आहे. वेळ बदलायची असेल तर आधी मला विचारावे आणि नंतर पत्र काढावे. शिवाय तो दिवस रविवार आहे. मेगाब्लॉक असेल तर मुलुंड-ठाण्याकडच्या मंडळींना ५ वाजता दादरला पोहोचणे किती जिकिरीचे होते, हे आपण गणपतीच्या सभेला पाहिले आहे.

खजिनदार

—

प्रेषक: विद्यार्थी प्रतिनिधी, नोटर डेम
विषय: मुलांच्या बाजूने

सर्व काका-काकूंना नमस्कार.

आपण आमच्यासाठी एवढा विचार करत आहात, म्हणून आमची अडचणही मोकळेपणाने सांगतो. रविवारी सकाळी ८ वाजता फारच थोडे जण येतील. शनिवारी येथे फुटबॉलचा सामना असला म्हणजे सुमारे १ लाख वस्तीच्या या गावात ७७,००० हून अधिक माणसांचे मैदान भरते, रस्ते रात्री उशिरापर्यंत वाहत असतात आणि आमच्यापैकी अनेक जण त्या दिवशी कामावर असतात. त्यानंतरची सकाळ उठण्याची नसते. शनिवारची रात्रही त्याच कारणाने सोयीची नाही.

वसतिगृहात उघडी ज्योत लावायला परवानगी नसल्यामुळे पूजा बैठकीच्या सामाईक खोलीत, विजेच्या पणत्या लावून होईल. खोली आम्हाला रविवारी संध्याकाळी ७ ते ९ या वेळेत मिळू शकते. त्यानंतर वसतिगृहाच्या चॅपेलमध्ये मिस्सा असते आणि आमचे बरेच मित्र तिकडे जातात; पूजेला तेही येणार आहेत, म्हणून तिच्याआधी प्रसाद वाटून व्हावा, अशी इच्छा आहे.

आपला,
विद्यार्थी प्रतिनिधी

—

प्रेषक: गिरगाव
विषय: पुन्हा: मुलांच्या बाजूने

सप्रेम नमस्कार.

वसईच्या ताईंनी दिलेली २००६ ची माहिती मी पुतण्याकडून पडताळून घेतली. ती बरोबर आहे आणि माझे म्हणणे मी मागे घेतो. कोजागरीला ६.३० लाच बसावे.

परंतु मुलाच्या पत्राने मूळ मुद्दाच समोर आणला आहे. आपण मुंबईची संध्याकाळ धरून बसलो आणि मुलांच्या वाट्याला उजाडलेली सकाळ दिली. १९९१ च्या दिवाळीत मी पहिल्यांदा घराबाहेर होतो. खोलीत दिवा लावता येत नव्हता, म्हणून संध्याकाळी काळोख पडल्यावर तळ्याच्या बाजूने चालत ग्रोटोपर्यंत गेलो आणि एक मोमबत्ती लावली. तेथे एक वृद्ध फादर होते. त्यांनी विचारले, घरी कोणी आजारी आहे का? मी सांगितले की आज आमच्याकडे घरोघरी दिवे लागले असतील. ते काही न बोलता माझ्या शेजारी उभे राहिले. ती संध्याकाळ नसती, सकाळचे ८ वाजलेले असते, तर मी त्या बाजूला गेलोही नसतो. लक्ष्मीपूजन प्रदोषकाळी, दिवेलागणीला करायचे असते आणि ती दिवेलागण मुलांची असली पाहिजे.

आता तिथी पाहू. अमावास्या आपल्याकडे ९ नोव्हेंबरच्या दुपारी साडेबाराच्या सुमारास संपते. साउथ बेंडला ८ तारखेचा सूर्यास्त साडेपाचच्या सुमारास होतो; तेव्हा मुंबईत ९ तारखेच्या पहाटेचे ४ वाजलेले असतात. म्हणजे मुलांच्या रविवारच्या संध्याकाळी अमावास्या चालूच आहे आणि त्यांनी त्यांच्या गावच्या प्रदोषकाळानंतर ७.३० ला पूजा केली तर त्यात शास्त्रालाही बाध येत नाही. त्या वेळी मुंबईत सोमवारचे पहाटेचे ६ वाजतील. आपल्याकडे सूर्योदय पावणेसातच्या सुमारास असल्यामुळे आपल्याही गॅलरीत पणत्या आणि आकाशकंदील पेटलेले दिसतील. दोन्हीकडे काळोख आणि दोन्हीकडे दिवे, असा दुसरा तास मला त्या दोन दिवसांत सापडला नाही.

कळावे,
गिरगावचे काका

—

प्रेषक: विलेपार्ले
विषय: पुन्हा: पुन्हा: मुलांच्या बाजूने

काका, मला हे मनापासून पटले. आपापली पूजा रविवारी संध्याकाळी घरी शांतपणे होईल, कोणालाही ऐन लक्ष्मीपूजनाला घर बंद करून दादर गाठावे लागणार नाही आणि सोमवारी कामावर जाणाऱ्यांनाही ७ पर्यंत मोकळे होता येईल. पहाटे उठण्याची अडचण आपल्या वयात कोणालाच नाही.

—

प्रेषक: खजिनदार, माहीम
विषय: पुन्हा: पुन्हा: पुन्हा: मुलांच्या बाजूने

सभागृह पहाटे ६ वाजता उघडत नाही. म्हणजे ही भेट घराघरांतून करायची आणि सभागृह सोडायचे, असाच याचा अर्थ होतो. अनामत परत मिळते का, ते मी स्वतः जाऊन विचारतो. दुसऱ्या कोणी परस्पर फोन करू नये. मात्र ज्या आजी-आजोबांना पडद्यावरची जोडणी जमत नाही, ते सभागृहाच्या भरवशावर होते. त्यांची सोय झाल्याशिवाय मी संमती देणार नाही.

—

प्रेषक: मुलुंड
विषय: पुन्हा: पुन्हा: पुन्हा: पुन्हा: मुलांच्या बाजूने

ग्रोटोची सूचना मागे घेतो. मावशींचे म्हणणे योग्य आहे. मुलींना शिकागोहून दुपारी निघता येईल, त्यामुळे त्यांचाही प्रश्न सुटला. खजिनदारांच्या काळजीवर उपाय असा की, ज्यांना जोडणी जमते त्यांनी आपल्या जवळच्या एका घराची जबाबदारी घ्यावी. मुलुंड आणि भांडुपमधील तीन घरे मी घेतो. आदल्या आठवड्यात प्रत्येकाकडे जाऊन एकदा चाचणी करून येईन.

—

प्रेषक: चिटणीस, मुंबई पालक गट, दादर
विषय: सुधारित वेळा, कृपया आधीचे पत्र रद्द समजावे

सप्रेम नमस्कार.

पहिल्या पत्रातील चूक माझी होती. पार्ल्याच्या ताईंनी ती वेळेत दाखवली नसती तर मुले त्यांच्या नऊ वाजता आणि आपण त्यांच्या आठ वाजताच, असे एकमेकांची वाट पाहत राहिलो असतो.

कोजागरीची भेट मुलांच्या रविवारी, २५ ऑक्टोबरला रात्री ९ वाजता, म्हणजे मुंबईच्या सोमवारी, २६ ऑक्टोबरला सकाळी ६.३० वाजता होईल. लक्ष्मीपूजनाची भेट मुलांच्या रविवारी, ८ नोव्हेंबरला संध्याकाळी ७.३० वाजता, म्हणजे मुंबईच्या सोमवारी, ९ नोव्हेंबरला पहाटे ६ वाजता होईल. शिकागोच्या मुलींनी ती आपल्या घड्याळाने संध्याकाळी ६.३० अशी लिहून ठेवावी. यापुढे प्रत्येक पत्रात दोन्ही गावांचा वार, तारीख आणि वेळ पूर्ण लिहिली जाईल. तासांचे अंतर लिहिले जाणार नाही.

जोडणीसाठी मुलुंड-भांडुपची तीन घरे लागली आहेत. दादर-माहीमची चार घरे खजिनदार आणि मी वाटून घेतो. बोरिवलीच्या दोन आजींसाठी अजून कोणी पुढे आलेले नाही. पश्चिम उपनगरांतील कोणी त्यांच्याकडे पहाटे ५.३० पर्यंत पोहोचू शकत असेल तर या रविवारपर्यंत कळवावे.

कळावे,
चिटणीस

—

प्रेषक: वसई
विषय: पुन्हा: सुधारित वेळा

बोरिवली मी घेते. पहाटेच्या लोकलने येईन आणि दोन्ही आजींना एकाच घरी बसवता आले तर बरे होईल. त्यांना विचारून ठेवावे.