मदत हवी आहे : ‘ग्रेडियस’च्या तिसऱ्या टप्प्यात यान गेल्यावर कसे सावरावे?

कोनामीच्या १९८५ सालच्या ‘ग्रेडियस’ या आर्केड गेममध्ये मी तिसऱ्या टप्प्यावर अडकलो असून जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे. मोआईचे दगडी चेहरे तोंड उघडून जी वलये सोडतात, ती लेझर, मिसाइल आणि दोन ऑप्शन (यानामागून फिरत त्याच्याबरोबर मारा करणारे गोळे) हाताशी असताना बऱ्यापैकी आवरता येतात; परंतु एकदा का यान फुटले, की कमावलेली सगळी शस्त्रे जातात आणि मागच्या ठरावीक जागेवरून, रखडत चालणारे रिकामे यान घेऊन त्याच गर्दीत पुन्हा शिरावे लागते. (मूळ रचनाच निर्दयी आहे, हे मान्य.)

अशा वेळी पहिली कॅप्सूल (शत्रू फोडल्यावर मिळणारी; प्रत्येकीने शस्त्रांच्या पट्टीवरचा उजेड एक घर पुढे सरकतो) वेगासाठी खर्चावी, की हा उजेड पाचव्या घरात, म्हणजे ऑप्शनवर, पोहोचेपर्यंत दम धरावा? वेग एकदा वाढवला तर वलये चुकवता येतात, पण आणखी वाढवला तर माझे यान थेट दगडावर आदळते. डबल घेतल्यास वरच्या चेहऱ्यांवर तिरका मारा होतो, मात्र पुढे लेझर निवडताच तो जातो. मग त्यावर कॅप्सूल घालवावी का?

शक्यतो मूळ आर्केड आवृत्ती खेळलेल्यांनी उत्तर द्यावे. घरगुती कन्सोलवरचा, शस्त्रे आयती मिळवून देणारा बटणांचा प्रसिद्ध छुपा संकेत मला वापरायचा नाही.