बीएस्सीच्या मुलांना निदानाचं कोडिंग शिकवावं का?

प्राध्यापिका, सांगली
मी प्राणिशास्त्र शिकवते. तिसऱ्या वर्षाला मेडिकल कोडिंगचा दोन क्रेडिटचा पेपर ठेवावा असं विभागात मांडलंय. निम्मे सहकारी म्हणतात, हे क्लासवाल्यांचं काम. मला पटत नाही.

डॉक्टरांनी लिहिलेल्या निदानाला आयसीडी या आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणातला कोड लावायचा, हे काम नुसतं शोधाशोधीचं नाही. मी वर्गात एक तयार केलेला ओपीडीचा केसपेपर दिला : 'तीन दिवस ताप, डेंग्यू असावा.' बहुतेकांनी डेंग्यूचा ए९० लावला. ओपीडीसाठी अमेरिकी नियम असा, की 'असावा', 'शक्यता' असं लिहिलेलं निदान कोड करायचं नाही. जे नक्की आहे ते, म्हणजे ताप, आर५०.९. मुलं तासभर भांडली. "मॅडम, डॉक्टरांना डेंग्यूच वाटतोय की!" वाटणं आणि ठरणं यातला फरक इतक्या तावातावानं बोलला गेलेला मी आधी कधी ऐकला नव्हता.

तासगावकर, सध्या पुणे
मॅडम, मी चार वर्षं हेच काम करतोय. कृपा करून पेपर सुरू करू नका.

नोकरीत लागतं ते अमेरिकेच्या विम्याचं आयसीडी-१०-सीएम, म्हणजे आयसीडीची अमेरिकी आवृत्ती. सुमारे ७०,००० कोड. गाईनं धडक दिली तर त्यालाही वेगळा कोड. दर १ ऑक्टोबरला नवी यादी येते, म्हणजे तुमच्या नोट्स वर्षभरात जुन्या. सीपीसी ही कोडरच्या प्रमाणपत्राची परीक्षा वेगळी द्यावीच लागते : १०० प्रश्न, ४ तास, आणि फी घरच्यांना जड जाते. त्यात आमच्याकडे रुग्णांचे साधे चार्ट आता सॉफ्टवेअरच कोड करतं, नवी भरती कमी झालीय. पेपर केला की नोकरी लागेल असं पोरांच्या आईबापांना वाटणार. ते पैसे कुठून उभे करतात ते मी घरी बघितलंय.

रेकॉर्ड विभाग, मिरज
दादा, अमेरिका राहू द्या. आपल्याकडचे मृत्यूच्या कारणाचे दाखले बघा. त्यातही कोड आयसीडीचाच लागतो. पहिल्या ओळीत 'हृदयक्रिया बंद पडली' एवढंच लिहून येतं. ती तर प्रत्येकाचीच पडते! मूळ कारण शेवटच्या ओळीत हवं : साप चावला, की जुना मधुमेह. आकडेवारीत जातं ते मूळ कारण. ऊसतोडीला आलेली बाई सर्पदंशानं गेली आणि कागदावर फक्त हृदय आलं, तर ती सर्पदंशात मोजलीच जात नाही. हे वाचता येणारी माणसं आम्हाला कमी पडतात.

डॉक्टर, मिरज
मला वेगळी भीती आहे. सीएमच्या नियमात मधुमेह आणि मूत्रपिंडाचा जुनाट आजार दोन्ही लिहिले असतील, तर डॉक्टरनं स्पष्ट नाकारलं नसल्यास दोन्हींचा संबंध धरूनच ई११.२२ हा मधुमेहामुळे झालेल्या मूत्रपिंडाच्या आजाराचा कोड लावतात. ही वर्गीकरणाची सोय आहे. शरीरशास्त्र कच्चं असलेला मुलगा तिलाच वैद्यक समजेल.

प्राध्यापिका, सांगली
सर, हेच उदाहरण मी पहिल्या आठवड्यात घेईन. तासगावकर, तुमचं नोकरीचं म्हणणं मान्य. माहितीपत्रकातून 'रोजगाराची संधी' ही ओळ काढते. मिरजेच्या ताई, नावं झाकलेले दाखले वर्गात दाखवायला याल का?

तासगावकर, सध्या पुणे
ओळ काढली तरी माझा विरोध आहेच. पण दाखल्यांचा तास असेल त्या शनिवारी मी येतो. पोरांना फीचा खरा आकडा मीच सांगतो.

रेकॉर्ड विभाग, मिरज
आमच्या साहेबांना विचारून कळवते.