मेरी लिंकनची बाजू आणि रॉबर्टची फाइल

कोणी म्हणतं की अब्राहम लिंकनची बायको मेरी हिची बाजू कळत नाही, कारण त्या काळी बायकांची पत्रं कोणी जपतच नसे. हे अर्धंच पटतं. तिची सहाशेवर पत्रं 1972 मध्ये पुस्तकरूपाने आलीत की! खरा घोळ थोरल्या मुलाचा, रॉबर्टचा. (बापासारखा हाही वकीलच.) 1875 मध्ये त्यानेच शिकागोच्या कोर्टात अर्ज करून आईला वेडी ठरवलं आणि इलिनॉयमधल्या बटाव्हिया गावच्या खासगी इस्पितळात ठेवलं. त्या दिवसांतली तिची पत्रं गोळा करून नष्ट करावीत, अशी त्याची इच्छा होती. पण खटल्याची फाइल मात्र त्याने व्यवस्थित जपली. व्हरमाँटमधल्या त्याच्या हिल्डीन या घरात ती 1975 साली सापडली. वकिली सवय, दुसरं काय!

नवरा-बायकोचं बोलणं ऐकायचं असेल तर 1848 ची मोजकी पत्रं वाचा. इलिनॉयच्या माळरानावर घोड्यावरून कोर्टं फिरणारा वकील अब्राहम तेव्हा खासदार म्हणून वॉशिंग्टनला होता आणि ती मुलांना घेऊन माहेरी, लेक्सिंग्टनला. 16 एप्रिलच्या पत्रात तो लिहितो, तू इथे होतीस तेव्हा कामात अडचण वाटायची, आता नुसतं कामच उरलंय तर ते अगदी बेचव झालंय. त्याच पत्रात धाकट्या एडीसाठी चौकड्यांचे मोजे शोधल्याची हकीकत आहे: एका दुकानदाराने धंदाच बंद केलेला, दुसऱ्याकडे तिने सांगितलेला प्रकार नाही.