मदत हवी आहे: न्यू जर्सीत नागरी हक्क आणि व्यवसाय, दोन्ही पाहणारे वकील

नमस्कार मंडळी, आम्ही एडिसनला राहतो. माझ्या नवऱ्याला, वय 52, बारा दिवसांपूर्वी नोकरीवरून काढलं. "तुझे उच्चार क्लायंटला कळत नाहीत," असं मॅनेजर चारचौघांत बोलायचा. ह्यांनी एचआरकडे लेखी तक्रार केली आणि सहा आठवड्यांत हातात नारळ.

सेव्हरन्सचा, म्हणजे काढताना कंपनी देऊ करते त्या पैशांचा, करार जेवणाच्या टेबलावर पडलाय, पान 4 ला पिवळी चिठ्ठी लावलेली. सही केली तर भेदभावाचा दावा सोडायचा, शिवाय वर्षभर त्याच क्षेत्रात काम करायचं नाही. ह्यांना तर स्वतःची कन्सल्टन्सी काढायचीय! चाळिशीपुढच्यांना विचार करायला किमान 21 दिवस मिळतात, त्यातले 9 उरलेत. सहीनंतर माघार घ्यायला फक्त 7. ईईओसीकडे (नोकरीतल्या भेदभावाच्या तक्रारी घेणारी अमेरिकन सरकारी संस्था) तक्रारीला इथे 300 दिवस आहेत, त्यामुळे खरी घाई कराराचीच आहे.

जवळच तीन वकिलांची एक छोटी फर्म दोन्ही प्रकारची कामं करते. अशा छोट्या फर्मचा कुणाला अनुभव आहे का? मुख्य वकील स्वतः लक्ष घालतात का? फी तासावर घेतात की भरपाईतून टक्केवारी? नुसता करार तपासायला वेगळे पैसे पडतात का? कृपया लवकर सांगा, घरात कुणाला झोप नाही.