तिसऱ्यांदा विचारणारी सिस्टर
सर्जनचं नाव पाटीवर असतं, सिस्टरचं कुणाच्या लक्षात राहत नाही, हे अगदी खरं. इथे नागपूरला धंतोलीत आईच्या हर्नियाच्या ऑपरेशनआधी सिस्टरनं तिसऱ्यांदा विचारलं, "काकू, कोणत्या बाजूला?" आई वैतागली, "किती येळा सांगू माय!" पण हात उजवीकडे ठेवला. कागदावर डावी बाजू लिहिलेली! डॉक्टर येऊन पेननं खूण करेपर्यंत सिस्टरनं स्ट्रेचर हलू दिलं नाही.

जागतिक आरोग्य संघटनेची २००८ची, सुरक्षित ऑपरेशनसाठीची १९ मुद्द्यांची यादी नेमकी यासाठीच आहे: भुलीआधी, चिरा देण्याआधी आणि रुग्ण बाहेर नेण्याआधी तपासणी. गॉज, सुया, हत्यारं मोजायची तीही बहुतेक सिस्टरनंच. दवाखान्यातून सुट्टी मिळाल्यावर मी त्या सिस्टरचं नाव लिहून मेट्रनकडे, म्हणजे मुख्य सिस्टरकडे, चिठ्ठी दिली. आईनं संत्रा बर्फी.