रानवाटेसाठी हलके रिव्हॉल्व्हर

प्रश्न: माझ्याकडे परवाना असून, रानात भटकताना दिवसभर कमरेला बाळगता येईल असे हलके रिव्हॉल्व्हर मी शोधत आहे. जास्त जोरदार .३५७ मॅग्नम काडतुसाचे घ्यावे की त्याहून सौम्य .३८ स्पेशलचे, आणि त्यात कोणते बदल करून घ्यावेत?

उत्तर १: स्कँडियम हा धातू मिसळलेल्या हलक्या अॅल्युमिनियमच्या सांगाड्याचे, सुमारे ३४० ग्रॅम वजनाचे रिव्हॉल्व्हर कमरेला जाणवतही नाही, मात्र त्यातून मॅग्नम काडतुसे झाडली की तळहात असा झिणझिणतो की सरावाची इच्छाच उरत नाही. शिवाय त्या धक्क्याने उरलेल्या काडतुसांमधील गोळ्या पुढे सरकून सिलिंडर (काडतुसे बसवलेला फिरता भाग) अडकू शकते. माझे मत .३८ स्पेशललाच.

उत्तर २: सहमत आहे. बदलांची सुरुवात मुठीपासून करावी, कारण सांगाड्याची मागची धातूची कड झाकणारी रबरी मूठ धक्का बराच सुसह्य करते. पुढच्या नेमखुणेला भडक नारिंगी रंग द्यावा. हातोडीची स्प्रिंग हलकी करण्याचा मोह मात्र टाळावा (मीही त्याला एकदा बळी पडलो होतो). ट्रिगर मऊ होतो खरा, पण आघात अपुरा पडून काडतूस पेटतच नाही.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. मग सिलिंडर टायटॅनियमचे चालेल का?

उत्तर २: चालेल, परंतु ते खरखरीत पदार्थाने घासू नये, त्याचा संरक्षक थर निघतो.